गाठ पिशवीत, फुगवटा किडनीत

मामांचा सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्या हातात होता आणि मामा खुर्चीला टेकून विचारत होते, "अरे, गाठ लघवीच्या पिशवीत आहे म्हणाले ना? मग यात किडनीचं काय लिहिलंय?" रिपोर्टमध्ये कामाच्या दोनच ओळी होत्या. पहिली मूत्राशयाबद्दल: डाव्या बाजूच्या भिंतीला, तळाजवळ, साधारण साडेतीन सेंटिमीटरची गाठ. दुसरी डाव्या किडनीबद्दल: मध्यम प्रमाणात हायड्रोनेफ्रोसिस, मूत्रवाहिनी खालपर्यंत फुगलेली. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली. गाडीत बिघाड एकीकडे असतो आणि आवाज दुसरीकडून येतो, हे त्यांना सवयीचं होतं. त्यांनी विचारलं ते अगदी बरोबर होतं. आम्ही बाकीचे पहिल्या ओळीनं हादरलो होतो, आणि डॉक्टर मात्र दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

पुढच्या दोन वर्षांत त्या दुसऱ्या ओळीचा अर्थ आम्हाला हळूहळू कळत गेला. तो आधी कळला असता तर काही महिने वाचले असते, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो.

आधी पाण्याचा रस्ता पाहू. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर उरतो, ती लघवी. किडनीच्या आत नरसाळ्यासारखी एक पोकळी असते. तिथे लघवी जमते आणि मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात, म्हणजे पिशवीत उतरते. प्रत्येक बाजूची मूत्रवाहिनी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. पन्हळीतून पाणी घरंगळावं तशी लघवी तिच्यातून खाली येत नाही. मूत्रवाहिनीला स्वतःचा स्नायू असतो. अन्ननलिका घास पुढे ढकलते तशी ती मिनिटाला दोन ते सहा वेळा लाट उठवून लघवीचे छोटे छोटे घोट खाली ढकलते. म्हणून आडवं झोपलो तरी पिशवी भरत राहते.

आता मूत्रवाहिनी पिशवीला जिथे मिळते ती जागा. या सगळ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे. मूत्रवाहिनी पिशवीच्या भिंतीत सरळ घुसत नाही. ती तिरकी शिरते आणि भिंतीच्या आतून दीड-दोन सेंटिमीटरचा बोगदा पार करून पिशवीच्या तळाशी उघडते. पिशवी भरू लागली की भिंत ताणली जाते आणि बोगदा आपोआप चेपला जातो. वरून येणारा घोट लाटेच्या जोरावर आत शिरतो, पण आतली लघवी उलटी वर जाऊ शकत नाही. कुठलंही झाकण नाही, पडदा नाही, नुसत्या तिरक्या वाटेमुळे झडप तयार झालेली आहे. दुर्बीण आत घातली की पिशवीच्या तळाशी एक त्रिकोण दिसतो. त्याच्या दोन कोपऱ्यांत मूत्रवाहिन्यांची बारीक फटीसारखी दारं आणि तिसऱ्या कोपऱ्यात बाहेर जाण्याची वाट. डॉक्टरांनी आम्हाला मामांच्या तपासणीचं रेकॉर्डिंग दाखवलं. उजवं दार दर काही सेकंदांनी किंचित उघडत होतं आणि त्यातून फवारा उडत होता. डावं दार सापडलंच नाही. ते जिथे असायला हवं तिथे एक घट्ट, फिकट, कडेनं रक्त झिरपणारा उंचवटा होता.

आपल्याकडे धरणामागे पाणी जिथवर तुंबत जातं त्या भागाला फुगवटा म्हणतात. उजनीची भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे, पण पाणी पसरलंय ते पार पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत. मामांच्या पोटात हेच झालं होतं. अडथळा खाली पिशवीच्या भिंतीत, फुगवटा वर किडनीत. त्या फुगवट्याचंच वैद्यकीय नाव हायड्रोनेफ्रोसिस.

पण पिशवीतली प्रत्येक गाठ असा बांध घालत नाही. काही गाठी फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या असतात. बारीक देठ, वर पिसारा, पिशवीच्या लघवीत तरंगणारा. अशी गाठ मूत्रवाहिनीच्या दारावर लोंबत असली तरी येणारा फवारा बहुतेक वेळा तिला बाजूला सारून वाट काढतो. दुसऱ्या प्रकारची गाठ बसकी आणि घट्ट असते. ती भिंतीत मुळं सोडते. पिशवीची भिंत थरांची आहे: आत पातळ अस्तर, त्याखाली मऊ थर, मग जाड स्नायू, बाहेर चरबी. गाठ स्नायूत उतरली की स्नायूतून जाणारा तो तिरका बोगदा तिच्या तावडीत सापडतो. आवळला जातो, कडक होतो, लाट पुढे सरकत नाही.

म्हणून डॉक्टर दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. पिशवीचा कर्करोग पहिल्यांदा सापडतो तेव्हा चारातल्या साधारण तीन रुग्णांची गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नसते. ती दुर्बिणीतून खरवडून काढता येते आणि पिशवी वाचते. चौथ्याची मात्र खोल गेलेली असते. गाठीबरोबर किडनीला फुगवटा दिसला, तर हा रुग्ण त्या चौथ्या गटातला असण्याची शक्यता बरीच वाढते. तपासणीसाठी तुकडा काढण्याआधीच किडनीनं खालच्या गाठीच्या खोलीची खबर दिलेली असते. अर्थात ही खबर पक्की नव्हे. बोगद्याच्या आतच वाढलेली वरवरची गाठ, रक्ताची गुठळी, मुतखडा, वाढलेलं प्रोस्टेट यांनीही किडनी फुगते. आपल्या देशात मूत्रमार्गाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. त्यात लघवीतून रक्त जातं, मूत्रवाहिनी आकसते आणि पिशवी लहान होत जाते, चित्र पुष्कळसं असंच दिसतं. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या तुकड्याचा असतो.

फुगवट्यात किडनीचं नेमकं काय होतं? प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गाळण्याचं काम चालतं ते दाबाच्या फरकावर. रक्ताकडे दाब जास्त, नळीकडे कमी, म्हणून द्रव इकडून तिकडे येतो. खाली वाट अडली की नळीकडचा दाब वाढतो, फरक कमी होतो आणि गाळणं मंदावतं. काही तासांतच किडनी त्या भागाचा रक्तपुरवठा आवरता घेते. तुंबलेली थोडी लघवी शिरा आणि लसिकावाहिन्यांतून परत शोषली जाते, म्हणून किडनी फुटत नाही, नुसती ताणत जाते. आठवडे उलटतात तसे बारीक नळ्या सुकतात, त्यांच्या जागी तंतू भरतात आणि बाहेरची मांसल साल पातळ होत जाते. जुना फुगवटा सोनोग्राफीत पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखा दिसतो, कडेला कागदासारखी किडनी उरलेली.

यात वेळेला फार किंमत आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मूत्रवाहिनी पूर्ण बांधून ठेवली आणि आठवड्याभरात सोडली, तर किडनीचं काम जवळजवळ पूर्ण परत आलं. दोन आठवड्यांनी सोडल्यावर त्यातलं बरंच गेलेलं होतं आणि सहा आठवड्यांनी हाती फारसं काही लागलं नाही. माणसात अडथळा बहुधा अर्धवट असतो, त्यामुळे मुदत लांबते. दिशा मात्र तीच.

आणि हे सगळं होतं न बोलता. मुतखडा अडकतो तेव्हा माणूस गडाबडा लोळतो, कारण दाब अचानक वाढतो आणि किडनीचं आवरण एकदम ताणलं जातं. गाठ महिनोन् महिने हळूहळू आवळत जाते. आवरणाला सवय होते. मामांना कमरेत थोडं जड वाटायचं, ते त्यांनी स्टिअरिंगवर घालवलेल्या वर्षांच्या खात्यावर टाकलं होतं. दुखत नाही म्हणून उपचार लांबतात.

दोन गोष्टींनी घरचे लोक फसतात, आम्हीही फसलो. पहिली, लघवी भरपूर होतेय म्हणजे किडनी ठीक आहे असं वाटणं. अर्धवट अडलेली किडनी सर्वांत आधी लघवी घट्ट करण्याची ताकद गमावते. म्हणून पातळ लघवी जास्त होते, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. मामी म्हणायच्या, "पाणी चांगलं पितात म्हणून होतेय." दुसरी, क्रिएटिनिन नॉर्मल आलं की निश्चिंत होणं. एक किडनी निकामी होत असली तरी दुसरी तिचं काम उचलते आणि रक्तातला आकडा हलत नाही. एकूण कामातलं निम्मं गेल्यावरच तो ठळकपणे वर जातो. मामांचं क्रिएटिनिन 1.1 होतं, कागदावर चोख. मग रेनोग्राम केला, त्यात किरणोत्सर्गी औषध शिरेतून देऊन दोन्ही किडन्यांचा वाटा वेगवेगळा मोजतात. डावीचा वाटा 24 टक्के निघाला.

गाठ मूत्रवाहिनीच्या दारावर नसली तरी किडनीपर्यंत त्रास पोचण्याच्या आणखी वाटा आहेत. कर्करोग ओटीपोटातल्या किंवा पाठीच्या कण्यालगतच्या लसिकाग्रंथींत गेला, तर त्या वाढलेल्या ग्रंथी मूत्रवाहिनीला बाहेरून दाबतात. गाठ पिशवीच्या मुखाशी असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या साचल्या, तर लघवी तुंबते आणि मग एक नाही, दोन्ही किडन्यांवर एकाच वेळी ताण येतो. माणूस तळमळतो, ओटीपोट टणक होतं, लघवीचा थेंब पडत नाही. हे तातडीचं दुखणं आहे. रुंद नळी घालून गुठळ्या धुवून काढाव्या लागतात. त्याहून धोक्याचं म्हणजे तुंबलेल्या किडनीत जंतूंचा शिरकाव. थंडी वाजून ताप, कमरेच्या एका बाजूला दुखणं, गळून जाणं. अडथळ्यामागे पू झाला की नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, तो बाहेर काढावाच लागतो, त्याच दिवशी.

आतापर्यंतचं सगळं नळकामासारखं होतं. पुढची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. किडनीच्या नरसाळ्यापासून मूत्रवाहिनीतून पिशवीपर्यंत आतून एकच सलग अस्तर आहे, एकाच जातीच्या पेशींचं. पिशवीतल्या बहुसंख्य गाठी याच पेशींच्या असतात. जे विष पिशवीच्या अस्तराला लागलं, ते वरच्या अस्तरालाही लागलेलं असतं, कारण ते विष लघवीतूनच आलेलं असतं.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याला वाटतं की धूर छातीत जातो. धुरातली घातक रसायनं फुप्फुसातून रक्तात शिरतात, किडनी ती इमानेइतबारे गाळते आणि ती लघवीत उतरतात. वरच्या मार्गातून ती काही मिनिटांत पुढे जातात. पिशवीत मात्र तीन-चार तास साचून राहतात. पिशवीच्या गाठी वरच्या मार्गातल्या गाठींपेक्षा कितीतरी जास्त आढळतात त्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं. या जातीच्या शंभर गाठींत वरच्या मार्गातल्या पाच ते दहाच असतात. पाश्चात्त्य देशांतल्या मोजणीत पिशवीच्या कर्करोगाचे जवळजवळ निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुराच्या खात्यावर जातात. हे रसायनांचं नातं ओळखण्याची सुरुवात 1895 मध्ये झाली. फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फ्युक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांत पिशवीच्या गाठी दाखवून दिल्या. आज रंग आणि रबराच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं, तर डॉक्टर त्याचा जुना कामधंदा विचारतात, ते त्या शोधामुळे.

वरच्या मार्गाला विशेष लागणारं एक विष झाडपाल्यात आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्या घेणाऱ्या अनेक स्त्रियांच्या किडन्या झपाट्यानं निकामी झाल्या. गोळ्यांत अ‍ॅरिस्टोलोचिया कुळातली वनस्पती मिसळली गेली होती. पुढे त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना मूत्रवाहिनी आणि किडनीच्या नरसाळ्याचा कर्करोग झाला. आपल्याकडची सापसंद, ईश्वरमूळ म्हणतात ती वेल, याच कुळातली आहे. औषध झाडाचं आहे एवढ्यावर ते निर्धोक ठरत नाही. घरात कुणी मुळ्या उगाळून घेत असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

अस्तर एक असल्यामुळे पिशवीतली गाठ काढल्यावरही वरच्या मार्गावर नजर ठेवावी लागते. पिशवीचा कर्करोग झालेल्या शंभर जणांत साधारण दोन ते चार जणांना पुढे कधीतरी वर गाठ होते. उलट बाजूचे आकडे फार वेगळे आहेत. वरच्या मार्गात आधी गाठ झालेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यांपर्यंत रुग्णांना पुढे पिशवीत गाठ होते. पाणी वरून खाली वाहतं आणि सुटलेल्या पेशीही त्याच्याबरोबर खाली येऊन रुजतात, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. यातूनच त्या तिरक्या झडपेची किंमत कळते. गाठ काढताना मूत्रवाहिनीचं दार कापावं लागलं आणि ते सैल राहिलं, तर लघवी उलटी वर जाऊ लागते. अशा रुग्णांत वरच्या गाठीचा धोका वाढलेला आढळतो. म्हणून दारावरची गाठ काढताना कसलेला सर्जन फक्त कापण्याचा विद्युतप्रवाह वापरतो, भाजणं टाळतो. भाजलं की वण पडतो आणि वणानं दार बुजतं. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली जाते ती दार उघडं आहे ना हे पाहायला. गाठ तर काढली, आता कशाला, असं म्हणून ती चुकवू नका.

वरवरच्या पण आक्रमक गाठींसाठी पिशवीत बीसीजी सोडतात. हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. कॅनडात अल्व्हारो मोरालेस यांनी 1976 मध्ये तिचा हा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट पिशवीसाठीची बीसीजी बनवते. नळीनं औषध आत सोडतात आणि दोन तास धरून ठेवायला सांगतात. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. पण झडप शाबूत असली तर हे औषध वर चढत नाही. पिशवीचं अस्तर औषधात न्हातं, मूत्रवाहिनीचं कोरडं राहतं. बीसीजी यशस्वी झाली तरी ठरलेल्या मुदतीनं वरच्या मार्गाचा स्कॅन का करायचा, त्याचं उत्तर इथे आहे.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. सोनोग्राफी फुगवटा चांगला दाखवते, पण मूत्रवाहिनीतली छोटी गाठ तिच्यातून निसटते. त्यासाठी रंगद्रव्य देऊन सीटी युरोग्राफी करतात. त्याआधी क्रिएटिनिन पाहतात आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावं लागतं. लघवीतल्या पेशी तपासतात, दुर्बिणीतून पिशवी पाहतात, गरज पडली तर तिच्याहून बारीक दुर्बीण मूत्रवाहिनीत चढवतात. एक गोष्ट रुग्ण स्वतः पाहू शकतो: लघवीतून गांडुळासारख्या लांब, बारीक गुठळ्या पडत असतील तर रक्त वरून, मूत्रवाहिनीतून येत असण्याचा संभव असतो. डॉक्टरांना हे जरूर सांगावं. लाज वाटत असेल तर फोटो काढून दाखवावा.

आता फुगवटा कसा उतरवतात ते. दोन वाटा आहेत. एक डीजे स्टेंट, दोन्ही टोकांना वळलेली मऊ, पोकळ नळी. एक टोक किडनीत, दुसरं पिशवीत. ती खालून दुर्बिणीतून घालतात. बाहेर काही दिसत नाही, रुग्णाला बरं वाटतं. पण दारच गाठीखाली गाडलं गेलं असेल तर नळी घालायला जागा सापडत नाही, आणि घातली तरी बाहेरून आवळणाऱ्या गाठीत ती चेपली जाऊ शकते. शिवाय स्टेंट झडप उघडी ठेवतो, म्हणून पिशवीतल्या पेशी वर नेण्याची शंकाही घेतली जाते. दुसरी वाट पाठीतून. तिला नेफ्रोस्टोमी म्हणतात. 1955 मध्ये अमेरिकेत गुडविन आणि सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं, तेव्हापासून तिनं असंख्य किडन्या वाचवल्या.

मामांना पालथं झोपवलं. पाठीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, तेवढ्याच जागेला भूल देऊन, सुई फुगलेल्या किडनीत घातली. सुईतून लघवी आली, मग तिच्यातून तार आणि तारेवरून नळी. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या दिवशी नळीला बाहेरून जोडलेल्या पिशवीत काळपट तांबडं पाणी आलं, तिसऱ्या दिवशी ते पिवळसर स्वच्छ झालं. सिस्टर पाटीवर वेगवेगळे आकडे लिहायच्या, "पाठीची 600, खालची 1100". मामी ते वहीत उतरवून घ्यायच्या. दोन्ही किडन्यांचा मोठा अडथळा एकदम सुटतो तेव्हा लघवीचा पूर येतो, तासाला 200 मिलिलिटरच्या वर. त्यातून सोडियम-पोटॅशियम वाहून जातं, म्हणून त्या दिवसांत हा हिशेब फार काटेकोर ठेवावा लागतो.

घरी नळी सांभाळण्यात फार शास्त्र नाही, पण लक्ष लागतं. नळीची पिशवी नेहमी किडनीच्या पातळीखाली. झोपताना नळी अंगाखाली दुमडू द्यायची नाही. आणि नळी निसटली तर त्याच दिवशी दवाखाना, कारण पाठीतलं भोक लवकर बुजतं.

एवढा खटाटोप एका किडनीसाठी का, दुसरी तर चांगली होती? हा प्रश्न मीच विचारला होता. उत्तर सिस्प्लॅटिन या औषधात आहे. 1960च्या दशकात अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जीवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या संयुगानं जीवाणूंचं विभाजन थांबलं, आणि त्यातून हे औषध सापडलं. स्नायूत उतरलेल्या गाठीत ऑपरेशनच्या आधी सिस्प्लॅटिन असलेली केमो दिली तर जगण्याची शक्यता वाढते. पण हे औषध किडनीतून बाहेर पडतं आणि जाताना किडनीलाच इजा करतं. म्हणून किडन्यांची गाळण्याची गती मिनिटाला साधारण 60 मिलिलिटर असावी, असा दंडक बरीच वर्षं पाळला गेला. मामांची होती 49. नळी घातल्यावर तीन आठवड्यांत ती 62 झाली आणि केमो सुरू करता आली. पिशवीच्या गाठीला कोणतं औषध मिळणार हे वरची किडनी ठरवते, हे मला तेव्हा समजलं. आता सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांसाठी नवी औषधं आली आहेत, पुढे गेलेल्या आजारात ती चांगली लागूही पडतात, पण त्यांची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. किडनी वाचवणं हा आजही स्वस्तातला आणि मोठा उपाय आहे.

या काळात किडनीला साध्या गोष्टी बाधतात. अंग दुखलं की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी दुबळ्या किडनीला आणखी खाली ढकलते. अशक्तपणा आला म्हणून प्रेमानं पाजलेलं शहाळ्याचं पाणीही किडनी मंद असताना घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते साचलं की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. आम्ही ती वॉर्डबॉयला देऊन टाकत होतो.

केमोनंतर मामांची पिशवी काढली. आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडल्या आणि त्याचं टोक पोटावर उजवीकडे उघडलं. सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी 1950 मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही सर्वांत जास्त वापरली जाते. पण किडनीची राखण इथे संपत नाही. जिथे मूत्रवाहिनी आतड्याला शिवली जाते तो सांधा काही जणांत आकसतो. डावीकडे जास्त, कारण डावी मूत्रवाहिनी आतड्याच्या मागून पलीकडे ओढून आणावी लागते आणि तिचा रक्तपुरवठा ताणला जातो. आणि हा फुगवटाही पहिल्यासारखाच मुका असतो. आतड्याचा तुकडा लघवीतली आम्लता शोषून घेतो, म्हणून रक्तातलं बायकार्बोनेट पाहावं लागतं, काही वर्षांनी बी-12ही. मामांना चार वर्षं झाली. वर्षातून ठरलेल्या वेळी सोनोग्राफी, क्रिएटिनिन, छाती-पोटाचा स्कॅन. तारखा मामींच्या वहीत आहेत.

आजार फार पुढे गेलेला असेल तर पाठीत नळी घालायची का, हा अवघड प्रश्न आहे. नळीनं किडनी चालू राहते, ओकाऱ्या आणि गुंगी कमी होते, आठवडे-महिने मिळतात. पण गाठ तिथेच राहते, आणि उरलेल्या दिवसांत नळी बदलायला पुन्हा पुन्हा दवाखाना घडतो. अशा वेळी दोन्हीऐवजी एकाच, त्यातल्या त्यात बऱ्या किडनीत नळी घालूनही पुष्कळदा भागतं. माझं स्पष्ट मत आहे की हा निर्णय रुग्णाला सगळं नीट सांगून त्याच्याकडूनच घ्यावा. खोलीबाहेर उभं राहून नातेवाइकांनी तो घेऊ नये.

मामांच्या लघवीत पहिल्यांदा रक्त दिसलं ते एप्रिलमध्ये. दुखलं नाही, जळजळ नाही. उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं. मग एका दवाखान्यात तीन महिने अँटिबायोटिकचे कोर्स झाले, एकदाही सोनोग्राफी न करता. मध्ये रक्त आपोआप थांबलं आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं. या गाठींचं रक्त असंच येतं आणि जातं. बायकांच्या बाबतीत तर ते लघवीतलं आहे की पाळीचं, यातच वेळ जातो.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत न दुखता एकदाही रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा आणि रिपोर्टमध्ये दोन्ही किडन्यांबद्दल काय लिहिलंय ते विचारून घ्या. आणि तुमच्या घरात कुणाला डीजे स्टेंट घातलेला असेल, तर तो कधी घातला ती तारीख आज काढून पाहा. तो साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलायचा किंवा काढायचा असतो. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि जी किडनी वाचवायला तो घातला, तीच त्याच्यामुळे अडते.